राजाचं रडणं

धम्मानंदने सिद्धोधनच्या कमरेला मिठी घालून त्याला उचललं आणि तो इतक्या सहज वर आला की धम्मानंदचाच तोल गेला. नाटकातला प्रसंग कुस्तीचा होता. उन्मत्त राजा आणि रानातून आलेला त्याच्या तोडीचा गडी वेशीत भिडतात, कुणीच हरत नाही, आणि तिथून दोघं जिवाचे मित्र होतात. दोन महिन्यांपूर्वी हाच डाव टाकताना धम्मानंदला दम लागायचा. आता हातात नुसता सदरा आल्यासारखं वाटलं.

"खाली ठेव," सिद्धोधन त्याच्या कानाशी म्हणाला. "मळमळायलंय."

खाली ठेवताच तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही तळवे फरशीला लावून थांबला. पूर्णेच्या रेल्वे वसाहतीतल्या त्या हॉलमध्ये तालीम थांबली. दिग्दर्शक काशीनाथ सर खुर्चीतून उठले नाहीत. या दोघांना त्यांनी शाळेत मराठी शिकवलं होतं आणि अजूनही ते दोघांशी वर्गातल्यासारखंच बोलत.

"डायलिसिस कधी झालं?"

"काल, सर."

"मग आज तरी अंगात जोर पाहिजे."

सिद्धोधन मान खाली घालून हसला. त्याच आठवड्यात त्याने राजाच्या मित्राची आपली भूमिका सोडली. ती बन्सीधरकडे गेली. हा पालमचा, एस. टी.त कंडक्टर, अंगाने भरलेला. नाटक मात्र सिद्धोधनचंच राहिलं, कारण ते त्याने लिहिलं होतं.

लिहिलं होतं तेही दवाखान्यातल्या खाटेवर. हाताला सुया लावून चार-चार तास पडून राहायचं, म्हणून तो मोबाइलवर खेळायचा. एका खेळात सोन्याचं चिलखत घातलेला राजा होता. त्याचं नाव विचित्र वाटलं म्हणून शोधलं, तर तो चार हजार वर्षांपूर्वीचा निघाला, इराकातल्या ओल्या मातीच्या पाट्यांवर टोकदार काडीने कोरलेला. मग सिद्धोधनला तो जिथे तिथे दिसू लागला. जपानच्या कार्टूनमध्ये तोच, चित्रांच्या पुस्तकांत तोच, परदेशातल्या गाण्यांत आणि ऑपेरात तोच. धम्मानंद रेल्वेच्या सिग्नल खात्यातली ड्यूटी संपवून भेटायला आला की सिद्धोधन त्याला मोबाइलवर एकेक दाखवायचा.

"मित्र मेला म्हणून ह्यो राजा मरणाला भ्याला," तो सांगायचा. "औषध शोधत जगभर हिंडला. सापडलेली वनस्पती सापानं खाल्ली. रिकाम्या हातानं घरी आला. आन् बघ, पोरं अजून त्यालाच खेळवायलेत. मेलाच न्हाई गडी."

सिद्धोधनने त्याला मराठवाड्याच्या बोलीत आणलं. तिथली नदी गोदावरी झाली, देवदाराचं रान सागवानाचं झालं. सगळा जीव त्याने एका प्रवेशात ओतला होता. मित्राचं प्रेत मांडीवर घेऊन राजा बोलतो, तो प्रवेश. अठरा वाक्यं होती. ती लिहून झाली त्या दिवशी त्याने धम्मानंदला विचारलं होतं, "माझ्या माघारी एवढं तर राहील ना रे?" धम्मानंदने विषय बदलला होता.

राजा झालेला धम्मानंद त्या अठरा वाक्यांनाच अडकला. वाक्यं येत, डोळ्यांत पाणी येत नसे. सर रोज तो प्रवेश दहा-दहा वेळा करून घेत.

"तू बन्सीधरसाठी रडतोयस," सर म्हणत. "बन्सीधर उद्या गाडीवर जाणार आहे, हे तुला ठाऊक आहे. पुन्हा."

नाट्यस्पर्धेच्या परभणी केंद्रावर त्यांचा प्रयोग दुपारी बाराचा होता. चार दिवसांपूर्वी सिद्धोधनला ताप चढून नांदेडला भरती केलं होतं. शोकाच्या प्रवेशाआधी अंधारात धम्मानंद विंगेत उभा राहिला, तेव्हा एरवी कुणाच्या अंगाला हात न लावणाऱ्या सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"रोहिणीचा फोन होता. सिद्धोधन गेला."

धम्मानंदने मागे वळून पाहिलं. सरांनी त्याला हलकेच पुढे ढकललं आणि प्रकाश आला.

पुढचं त्याला तुटक तुटकच आठवत राहिलं. त्याने बन्सीधरच्या छातीला कान लावला, जे बसवलेलंच नव्हतं. अंगरख्याची बाही सरळ केली. मग वाक्यं सुरू झाली आणि प्रत्येक वाक्य जणू आताच सुचत असल्यासारखं तोंडून निघालं. नवरीचा झाकतात तसा त्याने मित्राचा चेहरा शेल्याच्या पदराने झाकला, आणि तेव्हा जो आवाज त्याच्या पोटातून आला तो ऐकून पहिल्या रांगेतल्या परीक्षकाने लिहिणं थांबवलं.

पडदा पडल्यावर तो कुणाशी बोलला नाही. अंगरखा काढून सदरा चढवला आणि तोंडावरच्या रंगासकट स्टेशन गाठलं. नांदेडच्या गाडीत तो दाराशी उभा राहिला. रोहिणीला, सिद्धोधनच्या बायकोला, फोन लावायचं धाडस त्याला झालं नाही. काय बोलायचं तिच्याशी?

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर सिद्धोधन उशीला टेकून बसला होता. रोहिणी त्याला चमच्याने पेज भरवत होती.

"राजे," तो म्हणाला, "काजळ तर पुसायचं."

धम्मानंद खाटेशेजारी फरशीवरच बसला.

"काय झालं, भाऊजी?" रोहिणी घाबरली. "पाणी देऊ का?"

सिद्धोधन मात्र घाबरला नाही. तो पुढे वाकला. त्याचे डोळे तापाने चमकत होते.

"कोणत्या वाक्याला आलं रडू? नवव्याला का आधीच?"

धम्मानंदने तोंडावरून हात फिरवला; तळव्याला काजळ लागलं.

"मीच म्हणलं सरांना," सिद्धोधन म्हणाला. "तसं सांगितल्याबिगर तुझ्यानं झालं नसतं. सांग ना, कोणत्या वाक्याला?"

"काय सांगितलं सरांना?" रोहिणीने विचारलं. दोघांच्या तोंडांकडे पाहता पाहता तिला कळलं. तिने वाटी खाली ठेवली, पदराने हात पुसला आणि ती बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. बराच वेळ ती आत आली नाही.

धम्मानंदला वाटलं, उठावं आणि याच्या मुस्कटात मारावी. पण सिद्धोधन वाट पाहत होता, वरणभाताच्या ताटाकडे पाहावं तसा. शेवटी धम्मानंदने सांगायला सुरुवात केली. कान कसा लावला, सभागृह कसं चिडीचूप झालं, परीक्षकाचा हात कसा थांबला. सिद्धोधन डोळे मिटून ऐकत होता. मधेच ओठ हलवून तो आपलीच वाक्यं म्हणत होता.

निकाल लागला. नाटक पहिलं, अभिनयात धम्मानंद पहिला. अंतिम फेरी नाशिकला, पंचवीस दिवसांनी.

तालमी पुन्हा सुरू झाल्या आणि पुन्हा तेच झालं. परभणीतलं आठवावं म्हटलं की धम्मानंदला पेजेचा चमचा दिसे. सर आता ओरडत नसत. दहाव्यांदा प्रवेश झाला की चष्मा काढून पुसत आणि म्हणत, "तब्येत कशी आहे म्हणे त्याची?"

"हाय तशीच."

"हं."

पहिल्यांदा सरांनी विचारलं तेव्हा धम्मानंदला त्यांचा तिटकारा आला. तिसऱ्यांदा आला नाही. तो नांदेडला जायचं टाळू लागला. ड्यूटीचं कारण सांगे, तालमीचं सांगे. सिद्धोधन खालावत चालला होता, हे त्याला रोहिणीच्या फोनवरून कळे. तिचं नाव मोबाइलवर उमटलं की त्याच्या छातीत काहीतरी टुणकन उभं राही. ती भीती आहे असं तो आधी धरून चालला. एकदा ती नुसतं एवढंच म्हणाली, "डॉक्टरांनी गोळी बदलली, ते सांगायचं होतं," आणि फोन ठेवल्यावर धम्मानंद सिग्नलच्या केबिनमध्ये हातातला पाना तसाच धरून उभा राहिला. आपण वाट पाहतोय, हे त्यानंतर त्याला स्वतःपासून लपवता आलं नाही.

नाशिकचा प्रयोगही दिवसाचाच होता. नाट्यगृह मोठं, वातानुकूलित. शोकाच्या प्रवेशाआधी दोन मिनिटांची विश्रांती होती. बन्सीधर रंगमंचावर प्रेत होऊन पडला होता. धम्मानंदने फोन सरांकडे दिला होता, तो सरांच्या हातात थरथरला. सरांनी नाव पाहिलं. काही न बोलता त्यांनी फोन त्याच्यापुढे धरला आणि दोन पावलं मागे सरून ते उभे राहिले, लग्नात आहेराचं पाकीट देऊन मागे सरावं तसे.

"बोला, वहिनी."

"भाऊजी, नाटक चालू असल का? राहवलं न्हाई म्हणून लावला." रोहिणीचा आवाज चिरका झाला होता. "ताप उतरला ह्यांचा. सकाळपासून न्हाई. डॉक्टर म्हणले, परवा घरी न्या. दोन इडल्या खाल्ल्या आज."

धम्मानंद उभा होता. काहीतरी म्हणायला हवं होतं. साधं, लगेच येणारं असं काहीतरी.

"भाऊजी? ऐकू यायलंय ना?"

"हो."

"लय वाईट दिवस गेले बघा. तुमालाच पहिला फोन लावला." ती थांबली. पलीकडे वॉर्डातली भांडी वाजली. "तुमी काही बोलंना गेलात?"

मग फोनमध्येच, जरा लांबून, सिद्धोधनचा आवाज आला. म्हणजे तो सगळं ऐकत होता. आवाज बारीक होता पण स्पष्ट.

"राहू दे, रोहिणी. ठेव फोन. त्याला रडायचंय अजून."

फोन बंद झाला. सरांनी भुवया उंचावल्या.

"परवा घरी सोडणार हायेत त्याला," धम्मानंद म्हणाला.

"अच्छा," सर म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी जोडलं, "बरं झालं." आणि हात पुढे करून त्यांनी फोन परत घेतला.

प्रकाश आला. धम्मानंद चालत गेला, बसला, बन्सीधरचं डोकं त्याने मांडीवर घेतलं आणि पहिलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. तोंडातून शब्दाऐवजी हुंदका आला. मग दुसरा. त्याने ओठ दाबून धरले, दातांत जीभ धरली, पण ते थांबेना. नाकातून पाणी वाहू लागलं, काजळ गालांवर उतरलं. सभागृहातल्या लोकांना आधी ते थोर वाटलं. काही जण पुढे सरकून बसले. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली, आणि मागच्या रांगांत कुणीतरी खोकलं.

"धम्मा, वाक्य," बन्सीधर ओठ न हलवता पुटपुटला. "वाक्य घे."

राजा नुसता हेलकावत होता. विंगेतून सर हातवारे करत होते. तेव्हा मेलेल्या मित्राने डोळे मिटूनच पहिलं वाक्य हळूच सांगितलं. थोडं थांबून दुसरं सांगितलं. मग तिसरं. तालमीत ऐकून ऐकून त्याला सगळी पाठ झाली होती. त्याने अठराच्या अठरा सांगितली, आणि राजाच्या तोंडून त्यातलं एकही बाहेर आलं नाही.