शाळेवरचे पत्रे

अकोल्यात आता मला लोक गिटारवाला म्हणून ओळखतात. गणपतीत आमचा ऑर्केस्ट्रा लागला की कॉलेजची पोरं खुर्च्यांवर उभी राहतात. सत्तावन्नच्या निवडणुकीत मी भोंग्यावरून प्रचाराची गाणी गायचो, हे त्यांना पटतच नाही. चाळीसेक रचली असतील. चाली चांगल्या होत्या. शब्दांबद्दल न बोललेलं बरं.

त्यातलं एकच टिकलं. तेल्हाऱ्याकडचे वामनराव समोरच्या पक्षाचे उमेदवार. बिचारे वर्गणीतून नवी शाळा बांधत होते, छपराचे पत्रेही आणून ठेवले होते; तिचा नकाशा घेऊन गावोगाव फिरायचे. मी लिहिलं, ‘शाळेची दाखवतो चित्रे, वामनराव खातो पत्रे!’ सभेत हशा पिकला, गल्लीबोळात पोरं ओरडत सुटली आणि वामनराव पडले. मी त्या दिवशी पोटभर जिलबी खाल्ली.

परवा जठारपेठेत तालीम चालू असताना एक बाई आली. म्हणाली, मी अनुपमा, वामनरावांची मुलगी. मी गिटार बाजूला ठेवली. दहा वर्षं मी या शिव्यांची वाट पाहत होतो. एकदाच्या मिळाल्या असत्या म्हणजे सुटलो असतो.

“भांडाले नाही आली,” ती म्हणाली. “बाबांनी एकच विचाराले सांगितलं. पत्रे कोणं नेले होते?”

“म्हणजे?”

“ते म्हणतात, सारा तालुका गाते तर खोटं कसं असंन? आपल्या पाठीमागं कोणीतरी नेलेच असतीन. दहा वर्षांपासून तेच शोधून राहिले. सुताराले विचारतात, गाडीवानाले विचारतात.”

“पत्रे कोणीच नेले नाही,” मी म्हणालो. “मले यमक पाहिजे होतं.”

मला रडू यायला हवं होतं, निदान लाज तरी. काहीच आलं नाही.

“मी येतो घरी. पाया पडून सांगतो त्यायले.”

“नका येऊ. चोर सापडंन म्हणून रोज उठतात ते. चोरच नव्हता समजलं तर काय करतीन?” मग हळूच म्हणाली, “एखादं नाव सांगा. मेलेल्या माणसाचं.”

मी शेषराव गाडीवानाचं सांगितलं. प्रचारात तेल्हाऱ्याला गेलो की त्याच्याच घरी जेवायचो. माणूस देवासारखा, गेल्या पोळ्याला वारला. नाव घेताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही.