हवा वाया जाता कामा नये

आबांचं पेट्रोलवर चालणारं जुनं हवेचं यंत्र शेवटी सुरू झालं आणि त्याने नगरपालिकेच्या साहेबांचे केस विजेच्या खांबावर नेऊन ठेवले. पण असं काहीही घडलेलं नाही. तसं साहेबांनी स्वतः सांगितलंय, गल्लीनेही मान डोलावलीय, तेव्हा आपणही ते वाचलेलं नाही असं धरून पहिल्यापासून सुरुवात करू.

पंक्चरचं दुकान आबांचं, पण चालवते त्यांची सून. नवरा ट्रकवर असतो आणि तोंड दाखवण्यापुरता घरी येतो. त्यामुळे टायर खोलणं, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधणं, ठिगळ लावणं, सगळं तिच्याच गळ्यात. गल्ली तिला हवावाली वहिनी म्हणते. हवा भरायला आत विजेवरचा कॉम्प्रेसर आहे. तो बटण दाबलं की निमूट चालतो, आणि म्हणूनच आबा त्याला यंत्र मानत नाहीत. त्यांचं यंत्र बाहेर, दाराशी. चाकांवर आडवी लोखंडी टाकी, तिच्या पाठीवर एका टोकाला पेट्रोलचं इंजिन, दुसऱ्या टोकाला हवा दाबणारा पंप, मधे पट्टा. गेली कित्येक वर्षं ते बंद आहे. आबा रोज सकाळी टाकीला पाठ टेकून बसतात, चहाचा कप तिच्यावर ठेवतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "किरकोळ काम निघालंय. होईल सुरू."

मग एक दिवस साहेब आले. साहेब तरुण, बोलणं मोजकं, केस असे दाट की वाऱ्यालाही त्यांच्याशी बोलायची हिंमत होत नसे.

"दुकानापुढे चालू अवजार ठेवता येतं," साहेब म्हणाले. "भंगार ठेवता येत नाही. गुरुवारी येतो. चालू दिसलं तर राहील, नाही तर उचलू."

"मग मलाही उचला," आबा म्हणाले. "मी पण बंदच आहे."

साहेबांनी आबांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. गाडीत जागा होईल का, याचा अंदाज घेत असावेत.

वहिनीला हसू आलं नाही. आबा बोलतात ते करतात. स्वयंपाकघरातलं बंद पडलेलं घड्याळ तिने टाकून दिलं, तेव्हा आबा आठवडाभर वेळेवर जेवायला आले नव्हते; वेळ कशी कळणार, म्हणाले. यंत्र गेलं तर ते दुकानात यायचे बंद होणार, आणि मग उरतं काय? खाट आणि भिंत.

तिने बाह्या वर केल्या. कार्बोरेटर उघडला, तर आत कुंभारीण माशीने मातीचं ऐसपैस घर बांधलेलं. पेट्रोलच्या टाकीत मूठभर नट टाकून ती खुळखुळ्यासारखी हलवली, तेव्हा गंज चहाच्या रंगाचा होऊन बाहेर आला. पिस्टन जागेवरच चिकटून बसला होता. त्याला रॉकेल आणि ऑइल पाजत राहावं लागलं. आबा शेजारी बसून फक्त एवढंच म्हणत, "हळू गं. त्याला सवय नाही."

बुधवारी वहिनीचा भाऊ आला. तो रंगारी. कुठल्याही वस्तूला रंगाचे दोन हात दिल्याशिवाय त्याला झोप लागत नाही, म्हणून सगळे त्याला डबलकोट म्हणतात.

"ताई, तू इंजिनाचं बघ," तो म्हणाला. "साहेब लोक कानाने बघत नाहीत. रंग बघतात."

वहिनी पट्टा आणायला बाजारात गेली. परत आली तर यंत्र पोपटासारखं हिरवंगार. देखणं दिसत होतं, यात वाद नाही. डबलकोटने टाकी रंगवली होती, चाकं रंगवली होती, आबांचा कपही रंगवला होता, कारण तो उचलायचा राहिला.

"आणि हवेचा काटा कुठाय?" वहिनीने विचारलं. टाकीतला दाब दाखवणाऱ्या घड्याळाची काचच गायब होती.

"काच पण रंगवली," डबलकोट म्हणाला. "मग ते बरं दिसेना. म्हणून वरून काटा काढला. बघ."

हिरव्या काचेवर पांढऱ्या रंगाचा सुबक काटा होता. तो मध्यावर थांबलेला होता.

"मध्यावर का?"

"उगाच टोकाची भूमिका कशाला."

"पाहुणे," आबा म्हणाले, "जरा लांब बसता का?"

गुरुवारी सकाळी दोरी ओढायला सुरुवात झाली. इंजिनाच्या चाकाला दोरी गुंडाळायची आणि हिसका द्यायचा. वहिनीने दिला, यंत्र खोकलं. समोरच्या शिंप्याने दिला, दोरी तुटली. दुसरी बांधून आबांनी दिला आणि स्वतःच खाली बसले. शेवटी डबलकोटने पाय लावून असा हिसका दिला की तो दोरीसकट शिंप्याच्या दुकानात गेला, आणि यंत्र सुरू झालं.

आवाज असा, की गल्लीतल्या सगळ्यांनी एकदमच "काय?" विचारलं. आबांनी टाकीवर हात ठेवला आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. वहिनीनेही तिकडे बघितलं नाही.

मग तिच्या लक्षात आलं. टाकी भरली की सेफ्टी व्हॉल्व्हने फुस्स करून जादा हवा सोडायला हवी. फुस्स होत नव्हतं. तिने वाकून पाहिलं. व्हॉल्व्हवर रंगाचे दोन हात होते. टाकीखालच्या तोटीवरही. ती हलेना. दाब किती हेही कळेना, कारण काटा अजून मध्यावरच होता.

"आबा, बंद करते."

"बंद केल्यावर परत कोण सुरू करणार? तू? का हे चित्रकार?"

हे खरं होतं. साहेब यायचे होते.

"मग नळी मोकळी सोडते. जाऊ दे हवा."

आबांचा चेहरा बदलला. "या दुकानात हवा कधी वाया गेलेली नाही," ते म्हणाले. "माझ्या हयातीत जाणार नाही. कशात तरी भर."

वहिनीने कपाळावर हात मारला आणि गल्लीत आरोळी दिली, "ज्यात हवा जाते ते घेऊन या."

गल्ली आली. सायकली आल्या, बाबागाड्या आल्या, फुटबॉल आले. शिंप्याने मुलीची पोहण्याची ट्यूब आणली. दवाखान्यातून कंपाउंडर रबरी उशी घेऊन आला आणि गेला तेव्हा ती त्याच्याहून मोठी होती. एका आजींनी गरम पाण्याची पिशवी पुढे केली.

"आजी, यात पाणी भरतात."

"भरते की. आधी हवा तर भर."

थोड्या वेळाने गल्लीत हवा खाईल असं काही उरलं नाही. सगळं टणक झालं होतं. आणि नेमके तेव्हाच साहेब मोटारसायकलवरून आले. उतरायच्या आत वहिनीने त्यांच्या दोन्ही चाकांत हवा भरली.

साहेबांनी यंत्राभोवती फेरी मारली. रंग पाहिला. डबलकोटने बहिणीकडे बघितलं.

"चालू आहे, मान्य," साहेब ओरडून म्हणाले. "आता बंद करून दाखवा. अवजार म्हणजे बंदही झालं पाहिजे."

बंद करायला प्लगवर एक पत्र्याची पट्टी दाबायची असते. वहिनीने दाबली. पट्टीवर रंगाचे दोन हात असल्याने पट्टी आणि प्लग यांची भेट झाली नाही. यंत्र चालूच.

"हे बटण कसलं?" साहेबांनी वाकून विचारलं आणि किल्लीने व्हॉल्व्हवरचा रंग खरवडला.

"साहेब, डोकं बाजूला," वहिनी म्हणाली.

साहेबांनी डोकं बाजूला घेतलं नाही. फुस्स झालं. ते इतक्या वर्षांचं साठलेलं फुस्स होतं. साहेबांचे केस सरळ वर गेले, एक गिरकी घेतली आणि खांबाच्या टोकाला तारांच्या मधे जाऊन स्थिरावले. खाली साहेबांचं डोकं आबांच्या कपासारखं गुळगुळीत चमकत होतं. त्याच क्षणी पेट्रोल संपलं आणि यंत्र बंद पडलं.

गल्लीत इतकी शांतता झाली की फुटबॉलचा टणकपणा ऐकू येत होता.

साहेबांनी फाइल डोक्यावर धरली. "असं काही घडलेलं नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

"नाही साहेब," वहिनी म्हणाली. "आणि हे यंत्र?"

साहेबांनी यंत्राकडे बघितलं. यंत्र मान्य केलं तर फुस्स मान्य करावं लागत होतं, आणि फुस्स मान्य केलं तर पुढचंही.

"कुठलं यंत्र?" साहेब म्हणाले. "मला इथे काही दिसत नाही."

जे तिथे नाहीच, ते उचलणार कसं? आबा आजही टाकीला पाठ टेकून बसतात. यंत्र त्यानंतर सुरू झालेलं नाही. किरकोळ काम निघालंय.

केसांत मात्र एका साळुंकीने संसार थाटला, आणि काही दिवसांनी वीज कार्यालयात एक अर्ज पोचला: "विषय, खांबावरील काळे घरटे उतरवून मिळणेबाबत. महोदय, सदर घरट्याशी अर्जदाराचा कोणताही संबंध नाही. तरी ते आतील पक्ष्यास व अंड्यांस धक्का न लावता, न विंचरता, आहे त्या भांगासह अर्जदाराच्या हाती द्यावे, ही नम्र विनंती."