दोनदा दाबा, तारा बोलेल

सकाळी दहाला सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढच्या चार रांगांत चाळीस म्हातारे-म्हाताऱ्या, प्रत्येकाच्या कानात फुकट मिळालेलं यंत्र. मागे त्यांची मुलं, सुना, शेजारी आणि ज्यांना घरी काही काम नव्हतं ते. व्यासपीठावर पांढऱ्या कोटातला एक गृहस्थ. लोक त्याला दुभाष्या म्हणत, कारण तो स्वतःला तसं म्हणवून घेई.

“मी देव नाही, बुवा नाही,” तो म्हणाला. “ही श्रद्धा नाही, हे विज्ञान आहे. सातव्या ताऱ्यावरचे लोक बोलतात, मी फक्त जोडणी करून देतो. ज्यांचे कान या जगाने बिघडवले, त्यांच्याशीच ते बोलतात. बटण दोनदा दाबा. पृथ्वी बंद होईल.”

चाळीस बोटं कानामागे गेली आणि चाळीस चेहरे उजळले. धडधाकट कानांच्या मंडळींना मात्र काडीचाही आवाज आला नाही, आणि म्हणूनच त्यांचा विश्वास पक्का बसला. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे आपली तेवढी लायकी नाही, हे गणित माणसाला फार लवकर जमतं.

दाराशी एक बाई उभी होती. कानाची यंत्रं बसवणं आणि दुरुस्त करणं हा तिचा धंदा. ही चाळीस यंत्रं तिनेच बसवली होती. तिसऱ्या रांगेत भिंतीकडेच्या खुर्चीवर डोळे मिटून हसणारा माणूस तिचा बाप. कारखान्यात लेथवर चौतीस वर्षं काढून त्याने कान गमावले होते, आणि तीन आठवड्यांपासून त्याने इन्सुलिनही बंद केलं होतं. “वरचे लोक रक्त दुरुस्त करतायत,” असं त्याचं म्हणणं. आज सकाळी तिने बळेच त्याचा मोजा काढला, तर अंगठा काळा पडलेला. डॉक्टरकडे चला म्हटल्यावर तो म्हणाला, “आधी त्यांना विचारतो.” म्हणून ती मागोमाग आली होती. ताऱ्याशी बोलायला बटण दोनदा दाबायचं, हे तिने आज पहिल्यांदा ऐकलं.

आणि तो दुसरा दाब तर तिनेच ठेवला होता. फोनची सोय हवी, अशी दुभाष्याची खास मागणी होती. दोनदा दाबलं की यंत्राचा माइक बंद होतो आणि आतली बारीक तारेची गुंडाळी जवळच्या दुसऱ्या तारेभोवतीचं चुंबकत्व पकडून त्याचा आवाज करते. तशी तार फोनमध्ये असते. पायाखालच्या सतरंजीखालीही असू शकते. चाळिसांपैकी किती जणांकडे फोन आहे, हे तिने तेव्हा विचारलं नव्हतं. फुकट यंत्रवाटपाचा वर्तमानपत्रात फोटो येणार होता, त्या नादात राहून गेलं.

तिने पिशवीतून तपासणीचं यंत्र काढलं. आत तशीच गुंडाळी, पण बाहेर स्पीकर. ते तिने उंच धरलं.

“सुई सोडा, बाळांनो,” एक भारदस्त आवाज सभागृहभर घुमला. “सुई ही पृथ्वीची खोड आहे. आम्ही वरून बघतो आहोत.”

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मग मागून कुणीतरी म्हणालं, “अरे, हा तर बसस्टँडवरचा.”

“फलाट तीनवाला,” दुसरा म्हणाला. “दुभाष्याचा मेहुणा.”

गाड्या लागल्याची घोषणा रोज करणारा तोच आवाज. ज्यांना कान होते ते तो झोपेतही ओळखत, पण त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. ज्यांच्याकडे यंत्र होतं, त्यांना बसस्टँडवर गोंगाटापलीकडे कधी काही कळलंच नव्हतं. गिऱ्हाईक अगदी पारखून घेतलेलं होतं. सतरंजीची कड उलटली तेव्हा भिंतीच्या कडेने फिरवलेली तार सापडली. ती व्यासपीठामागच्या खोलीत गेली होती. तिथे मेहुणा माइकपुढे बसलेला, आणि समोर चाळीस जणांच्या आजारांची आणि देणग्यांची यादी.

“विज्ञानाला माध्यम लागतंच,” असं म्हणत दुभाष्या बाजूच्या दाराने निघून गेला.

सभागृह पोट धरून हसलं. गेल्या आठवड्यात हात जोडणारे सगळ्यांत मोठ्याने हसत होते. आणि पुढचे चाळीस जण डोळे मिटून, मान किंचित वर करून बसलेले. आवाज थांबला होता, तो पुन्हा येईल म्हणून ते वाट बघत होते. त्यांची पृथ्वी अजून बंद होती.

बापाच्या कानामागचं बटण तिने स्वतः दाबलं. त्याला पहिलं ऐकू आलं ते हसणं.

तिने ओरडून सगळं सांगितलं. तो त्या तारेकडे बघत राहिला.

“आवाज स्वच्छ होता गं,” तो म्हणाला. “तुझा कधी एवढा स्वच्छ आला नाही.”

तो का स्वच्छ होता हे तिला ठाऊक होतं. तारेत गोंगाट शिरत नाही, इतकंच. तिने त्याला उठवलं आणि थेट इस्पितळात नेलं.

“दोन आठवड्यांपूर्वी आणलं असतं तर पाय वाचला असता,” शल्यविशारद म्हणाला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

आता बाप लेकीच्या दुकानात दाराजवळच्या खुर्चीवर बसतो. परवा त्या चाळिसांतली एक म्हातारी आली आणि यंत्र टेबलावर ठेवून म्हणाली, “दुसऱ्या दाबाला काही बोलत नाही बघ हल्ली. नीट करून दे.”

लेकीने यंत्र हातात घेतलं. बापाने पायजम्याची दुमडलेली घडी सोडली आणि गुडघ्यापर्यंतच उरलेला पाय म्हातारीपुढे केला.

“यंत्र चांगलं आहे, वहिनी,” तो म्हणाला. “परत कुणी वरून बोललं, तर आधी सतरंजी उचलून बघा. उचलू दिली नाही, तर तिथून उठून चालू लागा. आणि तोवर सुई सोडू नका. मी त्या तारेवर पाय ठेवूनच बसलो होतो. खाली वाकून बघितलं नाही.”