फळीपलीकडचा श्वास

पुस्तकाचं नाव होतं 'चार भिंती, हसरी नाती'. लॉकडाऊनमध्ये घरच्यांशी कसं जुळवून घ्यावं, दिवस कसा आखावा, डोकं फिरलं तर काय करावं, असं सगळं सोळा प्रकरणांत सांगितलेलं. एका समुपदेशक बाईंनी ते तीन आठवड्यांत लिहून हातावेगळं केलं होतं आणि प्रकाशकाला ते लॉकडाऊन उठायच्या आत लोकांच्या कानांत घालायचं होतं. "एकदा सगळे बाहेर पडले की कोण ऐकतंय, ताई," तो फोनवर म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पुस्तक मोठ्याने वाचून रेकॉर्ड करून द्यायचं काम तिच्याकडे आलं. आवाज हेच तिचं पोटापाण्याचं साधन होतं.

स्टुडिओला टाळं होतं, म्हणून तिने स्टुडिओ घरीच थाटला, तोही कपाटात. लग्न झालं तेव्हा एका मोठ्या खोलीच्या मधोमध प्लायवूडची फळी ठोकून दोन खोल्या केल्या होत्या आणि त्या फळीला लागून भिंतीएवढं कपाट होतं. तिने आतले कपडे एका बाजूला सारले, स्टूल ठेवलं, चहूबाजूंनी जुनी पांघरुणं टांगली आणि मध्ये माइक लावला. "बायकोला कपाटात कोंडून ठेवणारा म्हणून माझं नाव पेपरात येणार," नवरा म्हणाला. त्या दिवसांत घरात झालेला शेवटचा विनोद बहुधा तोच.

दहा ते एक घरात आवाज करायचा नाही असा नियम झाला. पंखा बंद, मिक्सर बंद, कुकर एकनंतर. नवरा इमारतींचे नकाशे काढायचा आणि मुळातच घुमा होता, त्याला हे दिवस मानवलेच. प्रश्न होता फळीपलीकडच्या खोलीत राहणाऱ्या नानांचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा. नानांनी बत्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली होती. मीठ मागतानासुद्धा ते शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने मागत. शिवाय त्यांना जुना खोकला होता. रस्त्यावरच्या धुळीने दिलेली पेन्शन, असं ते स्वतःच म्हणायचे, त्यामुळे त्या खोकल्याकडे कुणी लक्ष देत नसे.

पहिल्याच दिवशी त्या खोकल्याने तिची तीन पानं वाया घालवली. ती घामाघूम होऊन कपाटातून बाहेर आली आणि फणकाऱ्याने म्हणाली, "नाना, तेच पान तिसऱ्यांदा वाचतेय मी. तीन तास तरी आवरा हो जरा." ती हे गोड बोलली नाही, ते इथेच सांगून टाकलेलं बरं. ते पान घरातल्या वडीलधाऱ्यांशी सौम्यपणे कसं बोलावं याबद्दलचं होतं, आणि तिला त्या क्षणी त्याची आठवण राहिली नाही.

"बरं," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून फळीपलीकडून हूं की चूं नाही. नाना दहाच्या ठोक्याला आपल्या खोलीचं दार लावून घेत ते एकला उघडत. "नाना, तुम्ही तर कमालच केलीत," ती एकदा ताट वाढताना म्हणाली. ते हसले आणि त्यांनी मान हलवली. हळूहळू जेवतानाही ते बोलेनासे झाले, अर्धी पोळी ताटात टाकून उठू लागले. घरात बसून भूक कुठून लागणार, असं सगळेच तेव्हा म्हणत होते, तसंच हे दोघंही म्हणाले. इतकं शांत घर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही ते आवडलं होतं.

जेवणं झाली की ती कानांवर हेडफोन चढवून रेकॉर्डिंग साफ करायला बसे. या कामात सगळ्यात किचकट भाग श्वासांचा असतो. वाचणारा माणूस श्वास घेणारच, आणि माइक तो इमानेइतबारे टिपणारच. ऐकणाऱ्याला मात्र तो नको असतो. पडद्यावर प्रत्येक श्वासाचा एक लहानसा उंचवटा दिसतो, तो शोधायचा आणि पुसायचा. तासाभराच्या वाचनात असे शेकड्यांनी असतात. एवढी वर्षं हेच करून तिला श्वासाची इतकी पारख झाली होती, की फोन उचलणारा माणूस जिना चढून आलाय की झोपेतून उठलाय, हे तो 'हॅलो' म्हणायच्या आत तिला कळायचं.

मंगळवारच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधल्या जागेत तिला बारीक उंचवटे दिसले. ते तिचे नव्हते. आधी तिला वाटलं, नळाच्या पाइपात हवा अडकलीय. मग तिचा संशय वरच्या मजल्यावर गेला. कृपया दहा ते एक व्यायाम करू नये, असा मेसेज तिने वरच्या शेजाऱ्याला ठोकला. "ताई, मी दोन महिन्यांत सोफ्यावरून हललेलो नाही," असं त्याचं उत्तर आलं. शोध घेत बसायला वेळ नव्हता. तिच्याकडे एक सोय होती. नको असलेल्या आवाजाचा नमुना कॉम्प्युटरला एकदा ऐकवला की तो तसले सगळे आवाज आपोआप पुसून टाके. तिने नमुना दिला. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, फाइल रोज आरशासारखी लख्ख होऊन प्रकाशकाकडे गेली.

शनिवारी चौदावं प्रकरण होतं. त्यात एके ठिकाणी लिहिलं होतं, 'आता डोळे मिटा आणि एक मिनिट काहीही करू नका.' तिने ते वाचलं आणि खरोखरच एक मिनिट गप्प बसून रेकॉर्डिंग चालू ठेवलं. दुपारी, नमुन्याची सोय चालवायच्या आधीच, ती त्या रिकाम्या मिनिटावर आली तर पडदा उंचवट्यांनी भरलेला. तिने आवाज वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला.

बारीक शिटी वाजल्यासारखं आत, बाहेर. आत, बाहेर. मध्येच, कुणीतरी तोंडात कापड कोंबून खोकावं तसा दबका धक्का.

हा पाइप नव्हता. हा माणूस होता. मिनिट आयतंच समोर होतं, तिने श्वास मोजले. एकतीस. एरवी माणसाचे पंधरा-सोळा भरतात; पुन्हा मोजावं असंही तिला वाटलं नाही. ती हेडफोनसकट उठली.

नाना पलंगावर फळीला पाठ टेकून बसले होते. मांडीवर उशी होती, तिचा अभ्रा मधोमध ओला झालेला. नखं निळसर पडली होती. तिला बघून त्यांनी हात वर केला.

"झालं का... तुझं?" त्यांनी विचारलं. एवढ्याला त्यांना दोन श्वास लागले. "आवाज... नाही ना आला?"

"नाही आला, नाना," ती म्हणाली. "कधीपासून होतंय हे?"

"दोन... दिवस असतील. म्हटलं... तुझं काम होऊ दे."

कपाळ तापलेलं होतं. तिने नवऱ्याला हाक मारली आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्या घरात कुणीतरी मोठ्याने बोललं.

अॅम्ब्युलन्स यायला दीड तास गेला. पांढऱ्या पोशाखातल्या दोघांनी नानांना खुर्चीत बसवून खाली नेलं, सोबत कुणालाही येऊ दिलं नाही. डॉक्टर फोन करतील, तोवर घराबाहेर पडायचं नाही, असं सांगून ते गेले. नवरा नानांच्या कपड्यांची पिशवी भरत होता, ती त्याच्या हातातच राहिली.

ती परत कॉम्प्युटरपाशी बसली. मूळ फाइली, न पुसलेल्या, तिच्याकडे होत्या. सोमवारच्या फाइलीत काहीच सापडलं नाही. मंगळवारपासून पुढच्या प्रत्येक फाइलीतले खोकल्याचे धक्के तिने मोजले, मग एकेक मिनिट काढून त्यातले श्वास मोजले आणि ते एका पाकिटाच्या मागे लिहिले. बावीस. चोवीस. पंचवीस. अठ्ठावीस. एकतीस. पाचही दिवस नाना तिच्या कानाशी श्वास घेत होते. नवरा मागे येऊन उभा राहिला. "हे काय?" त्याने विचारलं, आणि तिने काही न लपवता सांगितलं. तो नकाशाच्या टेबलाशी जाऊन बसला. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"हे कुणाला सांगू नकोस," तो तिथूनच म्हणाला. "लोक काय म्हणतील तुला."

पाच वाजता डॉक्टरांचा फोन आला. नवऱ्याने तो स्पीकरवर लावला.

"ऑक्सिजन लावलाय. वय आणि जुना खोकला, दोन्ही धरून काळजीचंच आहे," डॉक्टर म्हणाले. आवाजावरून माणूस थकलेला होता. "धाप कधीपासून लागतेय?"

"कालपासून," नवरा म्हणाला.

"नक्की? किती दिवस झालेत त्यावर औषध ठरतं. ते स्वतः दोन दिवस म्हणतात, पण त्यांना धड बोलता येत नाही."

"कालपासूनच," नवरा म्हणाला आणि त्याने तिच्याकडे पाहिलं. तिला सांभाळून घ्यायची त्याला तेवढी एकच रीत माहीत होती, आणि ते तिला समजत होतं. तिला एवढंही समजत होतं, की गप्प बसलं तर उद्या आणि परवाही हे कुणाला कळणार नाही.

तिने फोन ओढून घेतला. "डॉक्टर, कालपासून नाही. मंगळवारपासून. मंगळवारी सकाळी मिनिटाला बावीस श्वास होते, बुधवारी चोवीस, गुरुवारी पंचवीस, काल अठ्ठावीस. आज एकतीस. खोकला मंगळवारी तासाला दहा-बारा वेळा होता, आज त्याच्या तिप्पट."

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. "म्हणजे आज पाचवा दिवस. मग औषध बदलायला हवं, बरं झालं बोललात," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही नर्स आहात?"

"नाही. मी पुस्तकं वाचते."

पेन थांबलं. "बाई, एक विचारतो. मंगळवारपासून तुम्हाला हे ऐकू येत होतं, तर आणलं का नाही त्यांना?"

नवऱ्याने फोन बंद करायला हात पुढे केला. ती बाजूला सरकली.

"ऐकू येत होतं," ती म्हणाली. "मी ते रोज पुसत होते."