टेबलापलीकडचं अस्वल

नात पाच वर्षांची झाली तरी एका वेळी दोनच शब्द बोलायची, तेही मर्जी असेल तर. तिला इतर मुलांबरोबर वर्गात घ्यायचं की वर्षभर मागे ठेवायचं, हे आज तपासणीच्या बाई ठरवणार होत्या. शिंपीआजोबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, जणू परीक्षा त्यांचीच होती.

आजोबांनी घरून आणलेलं अस्वलाचं पुस्तक बाईंनी पोरीपुढे ठेवलं. पोरीने ते शांतपणे उलटं फिरवलं आणि खाली, उजव्या कोपऱ्यात बोट टेकवलं.

"पुस्तक कसं धरायचं हेही कळत नाही हिला," बाई म्हणाल्या आणि कागदावर भलंमोठं शून्य काढलं.

आजोबांचं डोकंच सटकलं. दोन वर्षं रोज वाचून घसा बसवला, त्याचं हे फळ! पोरीने पार नाक कापलं. तिला ओरडायला ते पुढे वाकले आणि जागीच थबकले. तिचं बोट बरोबर पहिल्या शब्दावर होतं.

दुकानात आजोबा शर्टांना बटणं लावत वाचायचे. हात मोकळे नसत, म्हणून पुस्तक टेबलावर त्यांच्याकडे तोंड करून पडलेलं, आणि पानं उलटायला पोर पलीकडे. म्हणजे या बिचारीने दोन वर्षं अस्वल डोक्यावर उभंच पाहिलं होतं!

"बाई, गाढव मी आहे," आजोबा म्हणाले. "शून्य मला द्या. फक्त हिचं बोट बघा."

ते पोरीसमोर बसून वाचू लागले. बोट एकेका शब्दाखालून सरकू लागलं. बाईंचं पेन थांबलं. पान संपलं तसे आजोबा म्हणाले, "हं, उलट पान."

बोट हललं नाही.

"राहिलं," पोर म्हणाली.

पानाची शेवटची ओळ! गिऱ्हाईक ताटकळतं म्हणून आजोबा ती रोज गाळायचे, आणि आजही सवयीने गाळली होती. पोरीला काय कळतंय, असं त्यांना वाटायचं. आज भर खोलीत चोरी पकडली गेली, आणि लाजायचं सोडून त्यांना भरून आलं.

बाईंनी शून्य खोडलं. "हिला वर्गात घेते. मागे ठेवायचंच तर तुम्हाला ठेवायला हवं."

आजोबा खो खो हसत आभार मानू लागले. पोरीने टेबलावर थाप मारली.

"आधी वाच."