हात उचलला

मी हातोडा. मला फक्त ठोकता येतं असं लोक धरून चालतात, म्हणून मला कुणी काही विचारत नाही. आज न विचारताच सांगतो. सावकाश सांगेन, मध्ये अडखळलो तर समजून घ्या.

माझं डोकं लोखंडाचं. भट्टीत लाल करून, घणाखाली बडवून ते घडवलं. म्हणजे मार खातच मी जन्माला आलो. दांडा तीनदा बदलला, मालक मात्र एकच. एक सुतार, आता साठी उलटलेला. त्याच्या तळहाताचा घट्टा आणि माझ्या दांड्यावरचा खळगा एकमेकांत नीट बसतात. चाळीस वर्षं आम्ही दारं, पलंग, पाळणे करत आलो.

दुकानाच्या वरच्या खोलीत एक घड्याळजी राहायचा. बायको आणि सहा वर्षांची मुलगी. मुलगी लाकडी बाहुलीएवढी, म्हणून सगळी गल्ली तिला ठकी म्हणायची. तिच्या डोळ्यांतलं पांढरं जरा निळसर होतं. बाप तिला रोज सकाळी उचलून आणायचा आणि दुकानाच्या पायरीवर बसवायचा. तिथे बसून ती रंध्यातून निघणारे कुरळे ढलपे गोळा करायची.

"सुतारआजोबा, तुमचा हातोडा रागीट आहे का?" तिनं एकदा विचारलं.

"नाही गं. तोंडानं फटकळ आहे, मनानं नाही."

मला बरं वाटलं होतं. तेव्हा.

ठकीला सारखं प्लास्टर असायचं. आधी पाय, मग खांदा, मग पुन्हा तोच पाय. गल्लीत कुजबुज सुरू झाली. समोरची इस्त्रीवाली म्हणायची, "एवढीशी पोर पडून पडून पडेल किती? बापच बडवत असणार."

दूधवाला म्हणायचा, "गप्प माणसाचं काही खरं नाही. वरून घड्याळ, आत भलतेच काटे."

माझा सुतार हसायचा नाही. ऐकायचा. लाकडात ओल मुरावी तसा राग त्याच्यात मुरत गेला.

एका सकाळी ठकी आली ती उजवा हात गळ्यात बांधून. बाप तिला बसवून वर गेला.

"काय झालं गं बाळ?" सुतारानं विचारलं.

डाव्या हातानं ढलपा उचलत ती म्हणाली, "बाबांनी हात उचलला."

एवढंच. मोठ्या माणसांना या शब्दांचा एकच अर्थ ठाऊक असतो. सुतारानं दुसरा प्रश्न विचारला नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, हात आपोआप माझ्यावर आला.

घड्याळजी खिडकीशी बसला होता. डोळ्याला भिंग, चिमट्यात केसासारखी स्प्रिंग.

"पोरीवर हात उचलतोस?"

तो उठला. चेहऱ्यासमोर उजवा हात धरला, आणि मी त्याच्या मनगटावर उतरलो.

लाकूड मोडण्याआधी कुरकुरतं, सूचना देतं. मनगट कुरकुरलं नाही. कट्‌ असा आवाज आला, वाळलेल्या काडीचा. दुसऱ्या वेळी मी खांद्यावर पडलो. तोवर मागून गल्ली वर चढली होती. दूधवाल्यानं त्याला केस धरून जिन्यावरून खाली ओढलं. कुणी कमरेचा पट्टा काढला. कुणी पोटात लाथा घातल्या. इस्त्रीवालीनं चपलेनं तोंड फोडलं. त्याचे दोन दात पायरीवर पडले. माझ्या डोक्यावर रक्त कोमट होतं. आणि एक सांगतो, त्या सगळ्यांना मारताना बरं वाटत होतं. माझ्या सुतारालाही. त्याचा घट्टा मला तसा कधीच गरम लागला नव्हता.

ठकी पायरीवरच होती. ती काहीतरी सांगत होती, पण तिचं ऐकतंय कोण?

"माझा उचलला. माझा हात. फ्रॉकच्या बाहीत घालायला. मग तो मोडला. बाबा रडले."

तीनदा तिनं हे सांगितलं. चौथ्यांदा ती जिवाच्या आकांतानं ओरडली, आणि मला तोच आवाज ऐकू आला. कट्‌. ओरडण्यानं तिची बरगडी मोडली होती. त्या वेळी कुणाचा हात तिच्या अंगाला लागलेला नव्हता. सगळ्यांनी पाहिलं.

पट्टा थांबला. तिची आई कामावरून धावत आली, तेव्हा गल्ली गोठल्यासारखी उभी होती.

"तिची हाडं काचेसारखी आहेत," आई म्हणाली. "जन्मापासून. फार थोड्यांना होतो हा आजार."

"मग सांगायचं की," दूधवाला पुटपुटला.

"तुम्ही विचारायचं की."

घड्याळजीनं तक्रार दिली नाही. मन मोठं म्हणून नव्हे. "पोलीस आले की पहिला प्रश्न मलाच विचारतील, पोरीला मारतोस का म्हणून. दवाखान्यात तीनदा विचारून झालंय," असं तो सुजलेल्या तोंडानं म्हणाला.

खरी पंचाईत पुढे होती. ठकीला आंघोळ, कपडे, संडास, सगळ्याला उचलावं लागायचं, आणि न मोडता उचलणारे हात घरात एकाचेच. ते मी मोडले होते. आई दिवसभर कामावर. दुसऱ्याच आठवड्यात घाईत उचलताना मदतीला ठेवलेल्या एका मावशीच्या हातून ठकीच्या मांडीचं हाड गेलं.

तेव्हा अशा दुर्मीळ आजारांच्या माणसांसाठी काम करणाऱ्या संस्थेतून एक ताई आली. तोवर सुतारानं रक्त न पुसताच मला फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी टाकलं होतं. जिन्याखाली उभा राहून तो ताईला म्हणाला, "मला ठेवा कामाला. फुकट."

"काय येतं तुम्हाला?"

"ठोकता येतं."

ताईला सगळं कळलेलं होतं. ती हसली नाही. "आमच्याकडे कामं पुष्कळ आहेत," ती म्हणाली. "कुणी पेशंटला गाडीतून दवाखान्यात नेतं. कुणी नुसतं फोनवर बोलतं, कारण या लोकांना आपल्यासारखं दुसरं कुणी भेटतच नाही. कुणी तासभर मुलापाशी बसतं, म्हणजे आई झोपते. कुणी शाळेत जाऊन आजार समजावून सांगतं."

"मला तिला उचलायचंय."

"ते सगळ्यात अवघड. आणि घरचे हो म्हणाले तरच."

शिकवणी संस्थेच्या मागच्या खोलीत असायची. कापडी बाहुली, आत हाडांच्या जागी बारीक काड्या. ती उचलायची, सदरा घालायचा, ठेवायची. काखेत धरलं की कट्‌. घोटा ओढला की कट्‌. पहिल्या दिवशी माझ्या मालकानं अकरा बाहुल्या मोडल्या. अकराव्या वेळी तो भिंतीकडे तोंड करून बसला. मग घरी आला, पेटी उपसली, मला धुतलं, माझ्या डोक्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलं आणि नव्या काड्या तासायला बसला. मोडलेल्या सगळ्या त्यानंच भरून दिल्या. काड्यांच्या सांध्यांत चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकताना मी हलकेच पडायला शिकलो. या वयात.

सत्ताविसावी बाहुली मोडली नाही. अठ्ठाविसावीही नाही.

मग एके दिवशी ताई त्याला घेऊन वर गेली. मी त्याच्या कमरेला होतो. आई दारातच आडवी उभी राहिली. "हा माणूस नको."

घड्याळजी प्लास्टरमधला हात छातीशी धरून बसला होता. त्यानं सुताराच्या कमरेकडे बघितलं. मग म्हणाला, "तो हातोडा बाहेर ठेवा."

मला उंबऱ्यावर ठेवलं. आतलं मला फक्त ऐकू येत होतं.

"ठकी," सुतार म्हणाला. "हात उचलू का?"

"कुणाचा?"

"तुझा. बाहीत घालायला."

"आधी खांद्याखाली तळवा," ती म्हणाली. "बाबा तसं करतात."

मी कान टवकारले. कपड्याची सळसळ आली. तो आवाज आला नाही.

याला चार वर्षं झाली. घड्याळजीचं मनगट सरळ झालं नाही ते नाहीच. आता तो फक्त भिंतीवरची मोठी घड्याळं दुरुस्त करतो, आणि सुताराशी कामापुरतंच बोलतो. ते बरोबरच आहे. माझ्या रबराखाली एक डाग आहे, तोही जात नाही.

आम्ही अजून बाहुल्या करतो. संस्थेत रोज नवी माणसं शिकायला येतात, आणि सगळ्यांकडून सुरुवातीला काहीतरी मोडतंच. तुम्हीही या. काही येत नसलं तरी या. बाहुल्या पुष्कळ आहेत. जे मोडायचं ते तिथं मोडा.