लहानीच्या कपाळावरची चिकटपट्टी

मुरबाडच्या मैदानात उतरताना लहानीला कधी एकदा शिट्टी होते असं झालं होतं. किन्हवलीच्या पोरींचा कबड्डीचा संघ पहिल्यांदाच सद्भावना चषकाच्या अंतिम फेरीत पोचला होता आणि समोर खुद्द मुरबाडचा संघ होता, तीन वर्षं कुणाकडूनही न हरलेला. टेम्पो भरभरून माणसं आली होती. भिंतींवर, ट्रॅक्टरवर, आंब्याच्या फांद्यांवर, जिथं जागा मिळेल तिथं लोक चढून बसले होते.

सामना सुरू व्हायला थोडा वेळ असताना आयोजक महिपतराव हातात चिकटपट्टीची गुंडाळी घेऊन पोरींच्या रांगेशी आले. माणूस वाईट नव्हता. दोन वर्षांपूर्वी याच मैदानावर एका संघाचे टिळे आणि दुसऱ्या संघाचे हिरवे रुमाल यांवरून दगडफेक झाली होती, चार पोरांची डोकी फुटली होती. तेव्हापासून महिपतरावांनी नियम केला : मैदानात कुणाच्या अंगावर धर्माची खूण दिसता कामा नये. कुणाला काही खुपायलाच नको. सकाळी मैदानाची माती पुजून त्यांनीच नारळ फोडला होता, त्यावर हळदकुंकू वाहिलं होतं. पण तीही धर्माचीच खूण, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

कर्णधार रंभाने तुळशीची माळ काढून प्रशिक्षक हरेश सरांकडे दिली. नसीमने दंडावरचा ताईत सोडून दिला. त्या दोघींना त्यात नवीन काही नव्हतं, कबड्डीत अंगावर काहीच ठेवू देत नाहीत. टिकल्या निघाल्या, कुंकू पुसलं गेलं. महिपतराव लहानीपुढे थांबले.

लहानी डोंगरावरच्या ठाकूरवाडीतली. तिच्या दोन भुवयांच्या मधोमध हिरवं गोंदण होतं, तीन ठिपके आणि त्यांच्यावर बारीक चंद्रकोर. पाच वर्षांची असताना आई रखमीने तिला मांडीवर दाबून धरलं होतं आणि गोंदणारणीने सुया टोचल्या होत्या. मेल्यावर देवाच्या दारात हीच ओळख सोबत येते, बाकी सगळं इथंच राहतं, असं रखमी सांगायची. शहापूरच्या कॉलेजात गेल्यावर मात्र पोरी त्या ठिपक्यांकडे बघून कुजबुजायच्या. लहानीने वर्षभर त्यावर मोठी टिकली लावली. कल्याणला कुणीतरी औषध लावून गोंदण जाळून देतो हे कळल्यावर तिने त्याचा पत्तासुद्धा विचारून ठेवला होता.

म्हणून महिपतरावांनी कपाळावर चिकटपट्टी लावली तेव्हा तिने स्वतःच कपाळ पुढे केलं. तिला हायसंच वाटलं. चला, आज कुणी बघणार नाही.

शिट्टी झाली आणि मैदान पेटलं. पहिल्याच चढाईत लहानीने दोन गडी टिपले. मुरबाडची कर्णधार मनस्वी घोरपडीसारखी चिवट, एकदा घोटा धरला की सोडायची नाही. तिने रंभाची पकड केली, नसीमची केली. मध्यंतराला मुरबाड चार गुणांनी पुढे होतं. नंतर किन्हवलीने एकेक गुण ओढत आणला आणि अंतर दोनवर आलं तेव्हा ट्रॅक्टरवरची माणसं उभी राहून पत्रे बडवू लागली.

लहानी पुन्हा चढाईला गेली. दम घुमत होता, घामाच्या धारा लागल्या होत्या. कोपरा रिकामा दिसला, तिने पाय टाकला आणि त्याच क्षणी ओली पट्टी घसरून डोळ्यावर आली. निमिषभर तिला काही दिसेना. तेवढं मनस्वीला पुरलं. घोटा धरला गेला आणि लहानी मातीत उताणी पडली.

बाहेर येऊन बसली तेव्हा तिचं अंग रागाने तापलं होतं. तिने पट्टी ओरबाडून काढली, चोळामोळा करून फेकून दिली. पुढच्या चढाईत रंभा दोन गडी मारून आली तशी लहानी पुन्हा आत गेली, उघड्या कपाळाने.

लगेच माइकवरून सामना थांबवल्याचं पुकारलं. महिपतराव धोतर सावरत मैदानात आले. चार लोक त्यांच्यामागे. लोकांचा गलका वाढत होता आणि दोन वर्षांपूर्वीचे दगड म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे असावेत, कारण त्यांनी येतानाच चिकटपट्टीचा तुकडा फाडून हातात घेतला होता.

“बाळ, नियम सगळ्यांना सारखा आहे. पट्टी लाव.”

लहानीने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. आपण काय बोलणार आहोत ते तिलाही ठाऊक नव्हतं.

“काका, माळ काढता येते, ताईत काढता येतो. ह्ये कसं काढू? पुसता आलं असतं तर मीच कवाच पुसलं असतं. आता नाय पुसायची.”

महिपतराव पंचांकडे वळले. पंच म्हणाले, अंगावर घातलेली वस्तू काढायला सांगणं माझं काम, कातडी काढायला मी सांगू शकत नाही. तरी महिपतराव हलेनात. तेव्हा मनस्वी पुढे आली.

“हिला बाहेर काढून जिंकलो तं मुरबाडची मानसं आमालाच हसतील. खेळू द्या काका.”

महिपतरावांनी एकदा गर्दीकडे पाहिलं. कुणाच्या हातात दगड नव्हता. सगळे माना उंचावून फक्त सामना कधी सुरू होतो ते बघत होते. महिपतराव हळूच रेषेबाहेर गेले.

शेवटची चढाई आली तेव्हा किन्हवली एका गुणाने मागे होती. लहानी मध्यरेषा ओलांडून गेली. समोर चौघी साखळी करून उभ्या. ती डावीकडे झुकली, उजवीकडे वळली, कोपऱ्यातलीच्या गुडघ्याला बोटं लावून परत फिरली, तोच मनस्वीने झेप घेऊन कंबर धरली. दोघी मातीत आदळल्या. दम सुटला असता तर खेळ संपला असता. लहानी पोटावर सरपटली, मनस्वीला पाठीवर ओढत, तोंडात माती, ओठांवर तोच एक शब्द, आणि तिची मधली दोन बोटं रेषेपलीकडे टेकली.

पंचांनी दोन बोटं वर केली. दोन गुण!

पुढचं तिला नीट कळलंच नाही. नसीम तिच्या अंगावर पडून रडत होती, हरेश सर माळ आणि ताईत दोन्ही एकाच मुठीत धरून नाचत होते, आणि मनस्वी तिला हात देऊन उठवत म्हणत होती, पुढल्या वर्षी तुझी कंबर सोडायची नाय.

बक्षीस देताना महिपतरावांनी माफी मागितली नाही. चषक देऊन ते क्षणभर घुटमळले आणि माइकपासून तोंड फिरवून त्यांनी विचारलं, ह्या गोंदणाचा अर्थ काय गो?

“ठाव नाय,” लहानी हसली. “आयलाबी ठाव नाय. पन हाय.”

म्हातारा मान डोलावत हसला. पुढल्या वर्षीच्या पत्रकातून तो नियम गेला, पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी सरळगावच्या रस्त्याने टेम्पो निघाला तेव्हा पोरींचे घसे बसले होते तरी गाणी थांबत नव्हती. नसीमने लहानीच्या कपाळाला बोट लावून विचारलं, गोंदताना दुखतं का? लय दुखतं, लहानी म्हणाली. मग मला हातावर काढायचंय, नसीम म्हणाली, घरी मार खाईन, पण काढायचंय. सगळ्या खदखदून हसल्या. काळू नदीचा पूल ओलांडताना रंभाने आरोळी ठोकली आणि टेम्पोतल्या सगळ्यांनी एका दमात ती उचलली.